फक्की

कापचोर्वात चारशे मीटर सपाट जमीन मिळत नाही.
शाळेचं मैदान डोंगराला टेकून बसलंय,
म्हणून माझा ट्रॅक तीनशे बहात्तरचा,
पूर्वेच्या वळणावर चढ,
शेवटच्या शंभरात उतार, तिथे पोरं खोटीच वेगवान होतात.
हेडमास्तरांना हे सांगितलं होतं. ते म्हणाले, मुसोबो,
तू फक्की मार.

चुना महाग. मी चुलीतली राख चाळून घेतो.
एकदा मक्याचं पीठ वापरलं,
शर्यतीआधी शेळ्यांनी दोन लेन चाटून टाकल्या.
त्या वर्षी उरलेल्या चारांत धावले सगळे,
आणि चेक्वेमोई, नऊ वर्षांची, अनवाणी,
पाण्याचा कॅन कुंपणाशी ठेवून आली,
मोठ्या मुलींच्या पुढे निघून गेली,
कॅन उचलला, घरी गेली.
बक्षिसाच्या वह्या मी संध्याकाळी पोचवल्या.

पुढचं रेडिओनं सांगितलंय.
रेडिओला माहीत नाही ते सांगतो.

लांबच्या एका शहरात, पदकाच्या दुसऱ्या दिवशी
तिला एका खोलीत नेलं. खोली थंड.
तीन अनोळखी माणसं. एकानं हातमोजे चढवले.
कपडे काढ, असं हातानंच खुणावलं,
भाषा कुणाचीच जुळत नव्हती.
तिचं नाव कुणी घेतलं नाही.
पायांकडे कुणी बघितलं नाही.
मी पायांनीच धावते ना, काका?
एवढंच म्हणाली, आणि बटाट्यांवरची माती झाडत राहिली.

मग पत्र आलं. वर ‘गोपनीय’चा शिक्का.
आत एक आकडा, दशांश चिन्हासकट,
आकडा खाली आणायच्या गोळ्यांचं नाव,
नाहीतर आठशे मीटर विसर.
शिक्क्याची शाई वाळायच्या आत
कॉफीच्या पोत्यांवर बसून बाजार
तिच्या जन्माचा हिशेब मांडायला लागला.
सुईण येको, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
काठी आपटत तिथवर आली:
नाळ मी कापली. मुलगी झाली, असं मीच ओरडून सांगितलं.
मला विचारलं का कुणी?

चार महिने तिनं गोळ्या घेतल्या.
अंग उसन्या कोटासारखं वाटायचं म्हणे,
बाह्या लांब, खांदे दुसऱ्याचे.
मग थांबवल्या.

एकतीस वर्षं रेषा मारतोय मी.
रेषेला तीनच गोष्टी सांगता येतात:
इथे उभी राहा, इथून वळ, इथे संपलं.
तू कोण, हे तिला विचारू नये, तिला माहीत नसतं.
आणि माझी रेषा वाकडी गेली
तर मी पोरीचा पाय कापत नाही.
ओली फडकी आणतो, पुसतो, परत मारतो.

गेल्या मंगळवारी मांगुशो आला,
सुरुवातीच्या रेषेवरून त्यानं लेकीचं मनगट धरलं.
धावायला ना नाही, म्हणाला,
पण जिंकू नकोस, हे पोरीला कुठल्या तोंडानं सांगू?
मुलगी वळून वळून बघत गेली.
चेक्वेमोईच्या हातात स्टॉपवॉच होतं.
चालूच राहिलं ते. बंद करायचं तिला सुचलं नाही.

अंधार पडल्यावर मी डबा घासत होतो.
रेषा दिसेनाशा झाल्या होत्या, डोंगरही.
तेव्हा पावलं ऐकू आली.
चढावर जड, उतारावर हलकी,
मग परत चढ.
हे पाय मी ओळखतो.
फेऱ्या किती झाल्या, मोजल्या नाहीत.
हात डब्यातच ठेवून बसलो, आवाज होऊ नये म्हणून.

सकाळी पहिल्या लेनची राख
पूर्वेच्या वळणावर पार उडालेली.
दारात कुणीतरी टोपली ठेवून गेलं होतं,
चाळलेली राख, वर केळीचं पान.
पुरेल तेवढी होती. दोन लेनना.
तिसरीला शेजारणीकडे मागायला लागली.