आखूड नळी

मिरजेच्या दुकानात फैयाजभाईंनी
फडक्यातून रायफल काढली.
"नळी आखूड आहे, मॅडम. हात भरून येणार नाही."
किंमत ऐकूनच गळाला तो.

सांगलीत रेंजवरची जुनी
आम्हा तिघींत एक.
दस्त्यावर कुणाच्या तरी गालाचा डाग,
दर रविवारी त्यावरच गाल टेकते.
डावीकडे ओढते ती, जरा.
ते मला पाठ आहे.

"मारायचंय कुणाला?"
हळदीच्या पट्ट्या लिहिता लिहिता दाजी.
कागदाला, म्हटलं.

नवी खांद्याला लावली. श्वास अर्धा सोडला.
भिंतीवरच्या कॅलेंडरातली
एकोणीस तारीख
जागची हलली नाही.

म्हणजे आता चुकलं
तर मीच चुकणार.

"छर्रे द्या, एक डबी.
रायफल...
शनिवारपर्यंत बाजूला ठेवाल?"