पान नंबर अठ्ठावीस

वही अजून आहे माझ्याकडं.
लाल कापडी पुठ्ठ्याची, शंभर पानी, मधोमध दोऱ्यानं शिवलेली.
गावाची खाती पुढून लिहायचो,
ऊसतोड टोळीची मागून.
असा नियम कुणी घालून दिला नव्हता.
वडील तसं लिहायचे.

त्या साली कोयता बंद होता.
दर वाढवून मागत होते, टनाला काही रुपये,
आणि कृष्णाकाठचा ऊस उभ्या उभ्या वाळत होता,
वजनाला रोज हलका.
सोसायटीच्या कट्ट्यावर आधी वजनाची गोष्ट निघाली,
मग "माज" हा शब्द निघाला.
एकदा निघाला की तो घरी जात नाही.

दिवेलागणीला हिंदुराव आला. दोन लिटर रॉकेल.
मग सर्जेराव, मग पोस्टातला विलास,
मग ज्यांच्या घरी वीज होती तेही.
माप कुणी बघितलं नाही.
मी एवढंच विचारलं, "लिहू का?"
म्हणाले, "लिही की."
मी अठ्ठाविसाव्या पानावर लिहिलं,
नीट, रकाने सोडून.

कॅनॉलच्या कडेला एक्केचाळीस कोप्या.
पाचटाच्या.
पाचटाला किती वेळ लागतो?
मी दुकानाची फळी लावत होतो, दुसरी लावून होईतो
तिकडं आभाळ तांबडं झालं होतं.
बैल आधी सोडले म्हणे.
पुढं जन्मभर सगळे हेच सांगत आले:
आम्ही बैल सोडले होते.

सकाळी फौजदारानं विचारलं, मेलेले कुठल्या जातीचे?
मुकादम अंकुश सानप सांगत गेला:
वंजारी, मातंग, बंजारा, दोन घरं मराठ्यांची.
फौजदाराचं पेन थांबलं.
"म्हणजे ऊसतोडे," तो म्हणाला,
आणि त्या रकान्यात त्यानं आडवी रेघ ओढली.

तो दुकानात येईपर्यंत
अठ्ठाविसावं पान चुलीत गेलं होतं.
त्याच्यावर त्याच्यासाठीच चहा झाला.

शिवलेल्या वहीचं एक असतं.
एक पान फाडलं की त्याचं जोडपान ढिलं होतं.
अठ्ठाविसाचं जोडपान त्र्याहत्तर.
त्र्याहत्तरावर सानपाची टोळी होती:
बाजरीचं पीठ, चहापुडा, पोराला बिस्कीट,
पावशेर साखर.
हो, साखर. विकतचीच.

हिंदुरावनं पाडव्याला पैसे दिले.
किती झाले विचारलं नाही.
मी म्हणालो, वहीत नाही काही.
तरी ठेवून गेला, वरचे पाच जादा.

पुढच्या हंगामात दुसरी टोळी आली, दुसऱ्या तालुक्यातली.
तिच्याबरोबर कौसाबाई.
तिचा नवरा भागवत आणि धाकटा
त्या एक्केचाळिसातल्या नवव्या कोपीत होते.
लुगड्याच्या गाठीतनं तिनं चौसष्ट रुपये काढले,
फळीवर एकेक नोट सपाट केली.
"मेल्याल्यावर उधारी ठिवू नाही, आप्पा. खोडा."

मी वही उघडली.
त्र्याहत्तरावं पान हातातच आलं.

तिला वाचता येत नव्हतं,
पण टाका सुटलेला तिला दिसला.
"ह्याची शिवण कशी उसवली?"
"उंदीर," मी म्हणालो.
तिनं ते पान दोन्ही तळव्यांनी दाबून सरळ केलं,
जागेवर ठेवलं,
आणि माझ्याकडं बघितलं.
फार वेळ नाही. माप घेण्यापुरतं.

नंतर मी खळ लावली. दोनदा.
अजूनही वही उघडली की तेच पान सुटतं.

साडेअकरा लिटर.
नावासकट पाठ आहे मला.
आता तर पोरगा दुकान बघतो, काचेची कपाटं आलीत,
रॉकेल कुणी ठेवत नाही.
विचारलं तर सांगीन, असं म्हणत म्हणत
म्हातारा झालो.
कुणी विचारलं नाही,
हे खरं आहे.
मीही फळी लावून घेतो लवकर,
हेही.