शेरा

लेंगऱ्याच्या उपकेंद्रातल्या माझ्या वहीला
अकरा रकाने आहेत.
दहाव्यात शस्त्रक्रियेची तारीख.
अकरावा शेऱ्याचा, तो बहुतेक कोराच राहतो.

वैजयंता हणमंत मुळीक,
वय चोवीस, मुलगा एक, मुलगी एक.
पुढं लाल शाईनं फेब्रुवारीतली तारीख.
अक्षर माझं.
मार्चअखेर तोंडावर होती, माझ्या सात केसेस कमी पडत होत्या,
हे कुठल्याच रकान्यात नाही.

तिच्या सोप्यात बसून मी चहा घेतला होता.
हणमंताला म्हटलं, पुरुषांचं दहा मिनिटांचं काम असतंय.
तो गलाईवाला, सेलमहून सुट्टीला आलेला.
म्हणाला, सिस्टर, मुशीपुढं दिवसभर उभं राहायचं असतंय.
वैजयंता हसली,
माझंच करा की, बिनटाक्याचं,
आणि वळून चुलीपुढं
उभी राहिली.

शिबिरात तिचा नंबर सव्वीसावा.
सहाशे रुपयांच्या कागदावर तिनं अंगठा नाही, सही केली.
वळणदार.

चार वर्षांनी शंभू तापानं गेला.
दोन दिवसांत.
सांगलीला नेताना, तासगावच्या अलीकडंच.
त्याच्या कार्डावरचे सगळे डोस मी टोचलेले,
एकसुद्धा चुकला नव्हता.
भेटायला गेले तेव्हा चहा झाला नाही.
निघताना ती म्हणाली,
सिस्टर, बांधलेलं सोडता येतंय का?

मी लगेच उत्तर दिलं नाही.
ट्रेनिंगात आम्हाला
बांधून घ्यायला कसं पटवायचं, तेवढंच शिकवलेलं.

मग मिरज.
शेजारच्या खोलीत जतचा एक शाळेतला कारकून,
दुसरं लग्न, मांडीवर उशी.
मला जिन्यात गाठून म्हणाला,
माझी नळी म्हणे शेवयीएवढी आहे, बाई. तुमच्या पेशंटची केवढी?
त्याच्याशी दोन दिवसांत कुणी बोललं नसावं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावीचं काही खरं नाही,
उजवी चार सेंटीमीटर उरलीय.
मी पिशवीतली फीत काढली,
पोरांच्या दंडाला लावतो ती.
चारवर बोट ठेवलं.
माझ्या करंगळीची दोन पेरं.

भिंगाखाली अडीच तास, केसाहून बारीक दोरा.
मग खालून निळं औषध सोडलं,
पलीकडं निळं दिसलं,
असं सांगत त्या बाहेर आल्या.
हणमंतानं विचारलं, किती टक्के?
सोन्याची भाषा, दुसरी त्याला येत नाही.
लोकांचं सोनं गाळून गाळून बायकोला केलेलं डोरलं
याच बिलात गेलं होतं.
त्या म्हणाल्या, वाट मोकळी झालीय.
कुणी चालत येईल का, ते भिंगातनं दिसत नाही.

सासू वंशाचं काहीतरी बोलत होती.
वैजयंतानं मला जवळ बोलावलं.
पोटावर हात नव्हता, चादरीची कड धरली होती.
म्हणाली, शंभू परत येत नाही, एवढं कळतंय मला.
पण महिन्याच्या महिन्याला
‘या खेपंला नाही’ असं तरी म्हणता यावं.
इतके दिवस तेवढंसुद्धा म्हणता येत नव्हतं.

सात महिने झाले.
लेकीला शाळेत सोडून ती उपकेंद्रात येते,
बाकावर बसते, पाणी पिते,
या खेपंला नाही, म्हणते,
आणि जाते.
मला तिच्या चालण्यावरनंच आधी कळतं,
तरी मी विचारते.

तिचं नाव पात्र जोडप्यांत परत घ्यायचं होतं.
दहाव्यातली तारीख खोडली
तर तपासणीला खाडाखोड धरतात.
म्हणून अकराव्यात लिहिलं: सोडलं.

परवा साहेब आले. वहीवर पेन टेकवून म्हणाले,
सोडलं म्हणजे काय, बाई?
गोळ्या सोडल्या? गाव सोडलं? नवरा सोडला?

म्हटलं, रकाना लहान आहे, साहेब.
एवढंच मावलं.