कूलर चालू होता

रुणालीने आमच्याच जुन्या डेकवरून
कॅसेट कॉम्प्युटरात उतरवली
आणि पडद्यावर चौकोन धावू लागले.
गाणं सरकेल तशी एकेकात एकेक कॉर्ड :
एफ शार्प, सी शार्प, पुन्हा एफ शार्प.
म्हणजे काळी तीन.

मी म्हटलं, बाबा काळीत कधीच वाजवत नव्हते.
मिलमधून सुटून आलेला माणूस,
भुवयांवर कापूस, मांडीवर हवाईयन गिटार.
पांढरी पाच. मोकळ्या तारा. झालं.

तिने गाणं संपल्यानंतरची जागा ऐकवली.
तिथे बाबा नव्हते. कुणीच नव्हतं.
तरी चौकोन भरलेला. एफ शार्प.
"हे कोण वाजवून राहिलं?"
"कूलर," ती म्हणाली.

मे महिना. इंदोऱ्यातली खोली.
खिडकीत विटांवर टेकवलेला पत्र्याचा कूलर.
सेहेचाळीस डिग्रीत तो बंद करा
असं कोण कोणाला म्हणेल,
रेकॉर्डिंग असलं म्हणून काय?

"मामा, करंट तेव्हाही तोच, आताही तोच.
सेकंदाला पन्नास हेलकावे.
त्याचा सूर जी, वर थोडासा चढाच.
म्हणजे डेकचा पट्टा ढिला पडला आहे.
कूलरला जीवर नेऊन बसवते,
आबाजी आपोआप जागेवर येतील."

तिने कूलर उचलला, अर्धा सूर वर ठेवला.
त्याच्यासोबत सगळंच उचललं गेलं :
गिटार, दाराची कडी,
गल्लीतली कुणाची तरी सायकलची घंटी,
आईचं लांबून "जेवाले या".
चौकोनांत जी, डी, जी.
पांढरी पाच.

मग तिने अगदी सुरुवात लावली.
"चालू झाली का बे?"
अर्धाच सूर, पण आवाज पोरगेला.
घाईचा. हसू दाबलेला.

इतकी वर्षं मी ऐकत आलो
तो जड आवाजाचा, सावकाश,
विचार करून बोलणारा माणूस
एका रबरी पट्ट्याने घडवला होता.
नोकरी सोडताना मी त्याला विचारलं होतं.
नीताच्या ऑपरेशनच्या रात्री, त्यालाच.
आणि हा तर चौतीस वर्षांचा.
माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान.
याला काही विचारायचं म्हणजे
आधी याला जेवलास का विचारावं लागेल.

"कोणतं ठेवू?"
रुणालीचं बोट बटणावर.

मी म्हटलं, थांब जराशी,
कूलरमध्ये पाणी टाकून येतो.