बॅटरी

चंद्रप्रभा टॉकीजला मी एकतीस वर्षं डोअरकीपर होतो.
शालीमारवरून आत, सायकल स्टँडच्या गल्लीत.
पिक्चरची गोष्ट मला विचारू नका,
मी पडद्याकडे पाठ करून उभा.
मला आवाज पाठ, आणि उजेड
लोकांच्या तोंडांवर कसा पडतो, तो.

स्टॉलची तोंडं पिवळी झाली की समजायचं,
तो जवळ आला, ती झाडामागे गेली
आणि दोन सूर्यफुलं एकमेकांवर डोकं आपटतायत.
निळी झाली की तळं.
लालसर, म्हणजे शेगडीवर दूध उतू.
बाल्कनीत एखादी बाई उगाच पदर सारखा करी,
जणू तिलाच कुणी बघतंय.

खरा पिक्चर मागे, आर रांगेत.
देवळालीचा फौजी, रजा संपत आलेली, आणि त्याची नवी बायको.
नोट प्रेसमधली दोघं, दिवसभर नोटा मोजून
बोटं हिरवट झालेली,
दाण्यांच्या एका पुडीत दोन हात,
पुडी केव्हाच रिकामी.
मी बॅटरी खाली पायऱ्यांवर धरायचो.
कुठे मारायची नाही हे मला कळतं,
असा माझा लौकिक.
मॅनेजर हांडगे म्हणायचे, बॅटरीवाला असावा तर असा,
आंधळा.

मग फुलं गेली, पाठलाग आला.
तो तिच्या सायकलीमागे. ती नाही म्हणते. तो गातो.
ती चप्पल काढते. तो आणखी गातो.
तिसऱ्या कडव्याला ती हसते,
आणि चिल्लर उडते पडद्यावर,
जी मध्यरात्री मी झाडून गोळा करायचो.

आता तिथे पे अँड पार्क आहे.

आम्ही राहतो द्वारका सर्कलच्या मागे.
बायकोचं नावही द्वारका;
रिक्षावाले हसतात, ती हसत नाही.
माझ्या टॉकीजात ती एकदाही आली नाही.
परवा नात तन्वीचा मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून
आम्ही दोघं काहीतरी बघत होतो, कसलीशी सिरीज.
फूल नाही, तळं नाही.
कॅमेरा इतका जवळ
की पोरीच्या दंडावरचा लशीचा वण दिसला.
मी घसा खाकरला. पाण्याला उठलो.
"बसा," द्वारका म्हणाली.

त्या मुलानं पोरीचा चष्मा काढला,
काड्या नीट मिटून उशाशी ठेवला,
आणि थांबला.
"चालेल?"
गाणं नाही, काही नाही. पोरगी विचार करत राहिली.
मग म्हणाली, "आज नको."
"बरं," म्हणाला, आणि उठून चहा टाकला.

"विचारलं हो त्यानं," द्वारका म्हणाली.
तिनं बोटानं मागे ओढलं, कुणी शिकवलं तिला कुणास ठाऊक.
चालेल? आज नको. बरं.
पुन्हा.
"आणि चहासुद्धा टाकला बघा."

मला आर चौदा आठवली.
रविवारचा सहाचा शो, पडद्यावर तिसरं कडवं, शिट्ट्या.
ती मुलगी हात बाजूला करत होती.
एकदा. मग परत.
बॅटरी माझ्या हातात होती, सेलही नवे.
मला वाटलं, प्रेम आहे,
हसेल आता.
मी बटण बंद केलं.
शो सुटल्यावर त्या खुर्चीखाली हिरव्या काचा होत्या,
बांगड्यांच्या.
दाण्याच्या टरफलांबरोबर भरल्या केरात.

हे मी द्वारकेला सांगितलं नाही.
मोबाईल चार टक्क्यांवर आला, मग काळा झाला.
आतून तन्वी ओरडली, चार्जरला लावा ना.
कुणी उठलं नाही.
अंधारात तिचा हात बरणीच्या अलीकडे होता,
तेवढं मला दिसतं अंधारात, धंदाच होता माझा.

"द्वारके," मी म्हणालो.
"काय?"
त्रेपन्न वर्षांत एवढं एक विचारायचं राहिलेलं.
"काही नाही. दाणे आहेत का घरात?"