सैल गाठ

आमच्या वाघोड्याची घंटागाडी म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली.
घंटा नाही तिला, पिंटूचा हॉर्न आहे.
गावात सहाशे उंबरे
आणि ग्रामपंचायतीमागच्या टिनाच्या शेडमध्ये
आम्ही तिघी.

ओलं एकीकडे: संत्र्याची सालं, अंबाडीचे देठ,
कुणाचे बुरशी धरलेले सांडगे.
सुकं दुसरीकडे.
फवारणीच्या बाटलीला उघडा हात लावायचा नाही,
हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं
आणि एकेकीला एकेक हातमोजा दिला.
एकच.
डावा की उजवा, हे जिचं तिनं ठरवायचं.

आर्वीचे जब्बारभाई महिन्यातून एकदा येतात.
ठिबकची जुनी नळी दिसली की खूश.
दुधाच्या पिशव्या घेतात, धुतलेल्या.
पाण्याच्या बाटल्या, बुचं काढून.
खर्र्याची पन्नी मात्र चिमटीत धरतात, लांब,
"याले कोणी घेत नाई, इंद्रकलाबाई.
लहान, अन् घाण."

तळहाताएवढी पन्नी.
आत चुना, तंबाखूचा काळा डाग, सुपारीचा चुरा,
वर दोऱ्याची गाठ.
गाठ सोडायची, पन्नी उलटी करायची, झटकायची,
धुऊन तारेवर टाकायची.
कोणी घेवो न घेवो,
उघडी पन्नी पोत्यात दबून बसते,
बांधलेली फुगून राहते.
माझ्या अंगठ्याचं नख अर्धं उरलं आहे.

ती गाठ मी ओळखते.
दोन वेढे, एक फासा, दातानं तोडलेला दोरा.
अख्ख्या गावात अशी गाठ एकच माणूस मारतो
आणि तो रात्री माझ्याच घरी जेवतो.

एसटीच्या थांब्यावर कवडूची टपरी.
बंदी आहे म्हणे.
बंदीचा कागद त्याच्याच फळीला चिकटवून गेले होते,
त्यावर तो आता चुन्याची डबी ठेवतो.
मांडी घालून खर्रा घोटतो सकाळपासून,
त्याच पैशातून पोरीची नर्सिंगची फी गेली,
हे मी विसरत नाही.
पण दिवसभर तो बांधतो
आणि दिवसभर मी सोडते.

मे महिन्यात टिन तापून शेडमध्ये बसवेना
तेव्हा मी एक पोतं घरी आणलं.
त्याच्या सुपारीच्या काट्यावर मावलं नाही,
चार खेपांत मोजलं.
तीन किलो, वर एक पाव.
"किती खर्रे झाले?"
हिशेबाला पक्का माणूस. ओठ हलले,
आकडा सांगितला नाही.
"मंग काय, धंदा बंद करू?"
"मी कुठी म्हटलं?"
"मंग पोतं कायले आनलं?"
कायले, ते मलाही नीट ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांनी त्यानं पळसाची पानं आणली.
पोट्टे हसले.
दुपारपर्यंत पानातला खर्रा सुकून भुसा झाला,
गिऱ्हाईक गजूच्या टपरीवर सरकलं,
उरलेली पानं शेळीनं खाल्ली.
मग एक डबा टांगला: पन्नी यात टाका.
त्यात पन्नीपेक्षा थुंकीच जास्त.
तो डबा मीच सोडवून आणला.
पत्रा जब्बारभाई घेतात.

त्यावर पुढे बोलणं झालं नाही.
त्याच्या टपरीवर पन्नी होतीच,
माझ्या पोत्यात पन्नी येतच होती.

काल ट्रॉली रिकामी झाली.
एक पन्नी उचलली, नख लावायला गेले
आणि ती आपसूक उघडली.
दुसरी. तिसरी.
दोरा नुसता पिळलेला, वेढा एकच,
फासा नाहीच.

सोबतच्या दोघींना काही बोलले नाही.
रात्री वाढताना त्यालाही विचारलं नाही.
तोच म्हणाला, भाकरीकडे बघत,
"गजूची गाठ लय घट्ट रायते, नाई?"
"रायते," मी म्हटलं,
आणि त्याच्या ताटात ठेचा ठेवला,
त्याच अर्ध्या नखाच्या अंगठ्यानं.