पानं गळाली की दिसतं

तेहेतीस पूर्णांक तीन नंबरचं चॅनेल
ओलेटा आत्याकडे फक्त पानगळीनंतर लागतं.
उन्हाळाभर समोरच्या डोंगरावरचे ओक आणि हिकरी
अंगभर पानं लेवून वाटेत उभे असतात
आणि मनोऱ्यावरून निघालेलं चित्र
त्यांच्यातच कुठेतरी अडकून राहतं.
ऑक्टोबर सरला की तिचा फोन येतो:
"झाडं उघडी झाली. ये, अँटेना फिरवून दे."

कोलंबसहून साडेतीन तास,
नदी ओलांडून वेस्ट व्हर्जिनियात.
शेवटचे अकरा मैल फोनला रेंज नाही.
टर्की फोर्कच्या घळीत सात घरं, त्यांतल्या चारांत माणसं.
केबलवाल्यानं वायर इथवर कधी आणलीच नाही.
डिश होती, ती हॉबर्ट आतोबांच्या पेन्शनीबरोबर गेली.
हे मात्र फुकट. हवेतून येतं.
"हवा अजून कंपनीच्या नावावर झालेली नाही," ती म्हणते.

मी पत्र्यावर, हातात पाना.
खाली खिडकी उघडी, आणि तिचा आवाज:
"थोडं चर्चकडे. नाही, परत. हां, शार्क आला.
गेला. चौकोन झाले त्याचे."
चौकोन चौकोन शार्क, चौकोन चौकोन समुद्र,
निवेदक तेवढा शाबूत. सांगतोय की
याचे दात पडले की नवे येतात, आयुष्यभर.
"ऐकलंस?" ती ओरडते. "आणि मला वरची कवळी मिळेना
दोन वर्षं झाली!"

दिवसभर तिथे हेच चालतं.
कुणी बर्फाच्या पाण्यात तांदळाएवढं सोनं चाळतं,
लोक ज्या वादळापुढे पळतात
कुणी त्याच्या मागे गाडी पिटाळतं,
कुणी उपाशी राहायचे पैसे घेतं आणि अळ्या खातं.
मधूनमधून पाठीचे पट्टे, कवळीचा डिंक,
आणि एक गंभीर वकील, तो विचारतो:
तुमच्या घरातल्या कुणी धूळ श्वासात घेतली आहे काय?
तेव्हा ती आवाज बंद करते. चित्र नाही.
वकिलाचे ओठ हलत राहतात.

मागच्या हिवाळ्यात एक माणूस गुहेत उतरला.
लाल पोशाख, डोक्यावर दिवा, मागे कॅमेरेवाला,
वर दोरी धरून सहा जण.
कुजबुजत म्हणाला, "इथे याआधी माणसाचं पाऊल पडलेलं नाही."
आत्या शेंगा मोडत होती. मान वर न करता म्हणाली,
"हॉबर्ट एकतीस वर्षं रोज पहाटे
पाऊल पडलं नव्हतं तिथेच जायचा, डबा घेऊन.
काय रे होतं आत, विचारलं तर म्हणायचा,
काही विशेष नाही."
मग शेंगा राहिल्या मांडीवर.
दिव्याच्या उजेडात भिंत ओली, काळी चमकत होती.
"असं असतं होय," ती म्हणाली.

आता संध्याकाळ. पत्रा गार पडलाय, बोटं बधिर.
"आलं का?"
"अजून नाही."
"आता?"
"जरा डावीकडे. डार्लाचं कसं चाललंय?"
"बरंय. आलं का?"
"नाही. आणि पोरगी? बोलते का तुझ्याशी?"

मी डावीकडे फिरवतो, उजवीकडे फिरवतो,
आणि सांगत सुटतो उघड्या डोंगराकडे तोंड करून
जे तिच्या टेबलाशी बसून कधी जमलं नसतं:
सप्टेंबरपासूनची भाड्याची खोली,
मायक्रोवेव्ह, एक खुर्ची,
पोरीनं न उचललेले फोन, किती ते.
खालून ती "हं" म्हणते.
तिच्या "हं"च्या मागे कुणीतरी
स्वच्छ, कुठेही न तुटणाऱ्या आवाजात
अलास्कातल्या नदीचं तापमान सांगतंय.
केव्हाचं सांगतंय.

बोल्ट तसाच सैल ठेवून मी बसतो.
झाडांच्या आरपार, पार पलीकडे,
मनोऱ्याचा तांबडा दिवा लागतो, विझतो.

"आलं का?" मी विचारतो.
"अजून नाही," ती म्हणते.